शेतकरी कंपनीचा टेम्पो थेट हॉटेलच्या दारात: माल ताजा, पण डिझेलचा हिशोब कोण मांडणार?

पुण्यातली हॉटेलं, मेस, कंपन्यांची कॅन्टीनं आणि लग्नकार्याचे केटरर यांच्यात एक सोय आता चांगलीच रुळली आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, पुरंदर, मावळ या तालुक्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्या मार्केट यार्डाला वळसा घालून भाजीपाला थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उतरवतात. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, तेव्हापासून या व्यवहाराला कायद्याची अडचण उरलेली नाही. सगळ्यांची जाहिरात साधारण एकच असते: ताजा माल, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त आणि तुमच्या धंद्याचा कार्बन फूटप्रिंट (धंद्यापायी हवेत जाणारा कार्बन) कमी. पहिली दोन आश्वासनं बऱ्यापैकी खरी आहेत. हा आढावा मुख्यतः तिसऱ्यासाठी.

कुठल्या एका कंपनीचं नाव इथे घेतलेलं नाही, कारण सेवेचा साचा जवळपास सारखाच आहे आणि गुणदोषही तेच आहेत. आमचे गुण असे: ताजेपणाला पाचपैकी साडेचार, वजनमापाला साडेतीन, नियमितपणाला तीन. कार्बनच्या दाव्याला एकपासून चारपर्यंत काहीही, कारण ते गुण पुरवठादाराइतकेच तुमच्या ऑर्डरवरही ठरतात.

सेवा चालते कशी

ऑर्डर व्हॉट्सॲपवर जाते आणि ती दुपारी बारा-एकपर्यंत गेली पाहिजे. पालेभाजीची तोड तीन-चारला सुरू होते, संध्याकाळी माल संकलन केंद्रावर येतो, प्रतवारी होते, क्रेट भरले जातात आणि टेम्पो पहाटे निघून सहा-सातच्या सुमारास दारात उभा राहतो. रात्री आठला आठवण झाली म्हणून ‘आणखी वीस किलो फ्लॉवर टाका’ असा मेसेज केला, तर तो फ्लॉवर येतोही, पण बहुधा वाटेत मार्केट यार्डातून उचललेला असतो. म्हणजे तुम्ही दर शेताचा देता आणि माल बाजाराचा घेता. ओळखायची सोपी खूण म्हणजे एकाच मालात दोन-तीन प्रती मिसळलेल्या दिसतात आणि क्रेटऐवजी तेवढाच माल गोणीत आलेला असतो. बिलावर गावाचं नाव आणि तोडीची तारीख लिहून द्यायला सांगा. जे देतात त्यांच्याकडेच पुढचं बोलणं करावं.

‘जवळचा माल’ आणि रिकामी गाडी

आता मूळ मुद्दा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एवढा एक आकडा हाताशी असला की बाकीचं गणित कुठल्याही हिशोबनीस माणसाला जमतं.

नारायणगावच्या बाजूने पुण्यात येणारा छोटा हत्ती घ्या. जाऊन-येऊन १६० किलोमीटर, लिटरला सरासरी १६ किलोमीटर धरले तर १० लिटर डिझेल, म्हणजे जवळपास २७ किलो उत्सर्जन. गाडीत ७०० किलो माल असेल तर किलोमागे ३८ ग्रॅम पडतात. त्याच गाडीत २०० किलोच असेल तर १३४ ग्रॅम.

दुसरीकडे आग्र्याहून येणारा बटाटा. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, १६ टन माल भरलेला ट्रक, लिटरला सरासरी ४ किलोमीटर. ३०० लिटर डिझेल, ८०४ किलो उत्सर्जन, किलोमागे ५० ग्रॅम. ट्रान्सपोर्टवाला परतीचं भाडं घेतल्याशिवाय सहसा हलत नाही, म्हणून परतीचा प्रवास या बटाट्याच्या खात्यात धरलेला नाही. मार्केट यार्ड ते हॉटेल तीनचाकीने आणायचे आणखी आठ-दहा ग्रॅम जोडा. तरीही ऐंशी किलोमीटरवरून अर्धवट भरून आलेला माल बाराशे किलोमीटरवरून आलेल्या मालाच्या दुपटीहून जास्त महाग पडतो, कार्बनच्या भाषेत. शीतगृहाच्या विजेचा आकडा आग्र्याच्या खात्यात घालायचा राहिला, हे खरं. पण तो धरला तरी रिकामा टेम्पो जिंकेलच असं नाही.

म्हणून सेवा निवडताना गाव किती जवळ हे विचारण्याआधी गाडी किती भरते आणि परत कशी जाते हे विचारा. दिवसाला दीडशे किलोच्या आत भाजी लागणाऱ्या हॉटेलने एकट्यासाठी टेम्पो मागवूच नये. एकाच रस्त्यावरच्या चार जणांनी मिळून लाइन, म्हणजे एकाच गाडीची ठरलेली फेरी, लावून घ्यावी. नाशिक रस्त्याने येणारी गाडी भोसरी, पिंपरी, वाकड करत हिंजवडीला संपते, हे जमण्यासारखं आहे. तीच गाडी धायरीतल्या एका मेससाठी आख्खं शहर ओलांडून गेली, तर फुकटचं डिझेल जळतं आणि माल पोचायला साडेनऊ वाजतात ते वेगळंच. हडपसर, फुरसुंगीकडच्यांनी दिवे घाटातून उतरणारा पुरंदरचा माल धरावा, कोथरूड-बावधनकरांनी मुळशी-मावळचा. प्रत्येक भाजी एकाच पुरवठादाराकडून घेण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो.

परतीच्या भाड्याचं म्हणाल तर चांगल्या कंपन्या पुण्यातून पेंड, खत किंवा गावच्या दुकानाचा किराणा भरून नेतात. असं असेल तर परतीचं डिझेल तुमच्या भाजीवर टाकायचं कारण नाही आणि वरचे ३८ ग्रॅम १९ वर येतात. हे तोंडी न ऐकता महिन्यातून एकदा परतीची बिल्टी (माल भरल्याची पावती) बघावी.

सीएनजी टेम्पोचा बराच बोलबाला आहे. किलोला २० किलोमीटर धरले तर तेवढ्याच फेरीला ८ किलो गॅस लागतो आणि उत्सर्जन २२ किलोच्या आसपास येतं, म्हणजे डिझेलपेक्षा पाचवा हिस्सा कमी. टाकीमुळे वजनक्षमता थोडी घटते, हे मात्र कोणी सांगत नाही. विजेवरच्या टेम्पोचं कौतुक जरा बेतानेच करावं. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. युनिटला पाच किलोमीटर धरले तर १६० किलोमीटरला ३२ युनिट, म्हणजे परत २२ किलोच. संकलन केंद्राच्या छपरावर सौर पॅनल असतील आणि गाडी दिवसा तिथेच चार्ज होत असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर गाडीवरचं हिरवं पान रंगवलेलंच समजा.

जाता जाता, जे कुणीच मोजत नाही तेही सांगून टाकू. दुपारी कोथिंबीर संपली म्हणून पोऱ्याला स्कूटरवर पाच किलोमीटर पाठवलं, तर जाऊन-येऊन ०.२ लिटर पेट्रोल जळतं, म्हणजे ४६० ग्रॅम. दोन जुड्यांसाठी. आग्र्याच्या ट्रकऐवजी नारायणगावच्या भरलेल्या टेम्पोतून सत्तर-ऐंशी किलो माल आणून झालेली बचत अशा तीन-चार फेऱ्यांत वाहून जाते.

कुठल्या मालात फरक पडतो, कुठल्यात नाही

पालेभाजी हा या सेवेचा दर्शनी माल. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर बघूनच लोक हरखतात. पण मार्केट यार्डात येणारी पालेभाजीसुद्धा हवेली, पुरंदर, खेड या भागांतूनच येते. ती आधीपासूनच स्थानिक होती! पुरवठादार बदलून अंतर कमी झालेलं नाही, एक उतरवणं-चढवणं तेवढं वाचलं. त्यामुळे मालाची नासाडी कमी होते आणि तो फायदा खरा आहे, पण ‘आम्ही स्थानिक पालेभाजीकडे वळलो’ असं लिहून कार्बन वजा दाखवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

खरा फरक तिथे पडतो, जिथे बाजारात परराज्यातला माल वर्चस्व गाजवतो. पुण्यात कोबी आणि हिरवी मिरची कर्नाटकातून भरपूर येते, मिरची गुजरातेतूनही. गाजर राजस्थानातून, लसूण मध्य प्रदेशातून, शेवगा दक्षिणेतून. या मालाला हंगामात स्थानिक पर्याय आहेत. लसणाचं मात्र आधीच सांगतो: गावरान लसणाच्या पाकळ्या बारीक, सोलायला दुप्पट वेळ. दिवसाला दहा किलो लसूण सोलणाऱ्या स्वयंपाकघरात हा बदल आठवडाभरही टिकत नाही. तो चटणी आणि फोडणीपुरता ठेवावा. आल्याची अडचणच नाही, सातारी आलं शेजारच्या जिल्ह्यातलं आणि बाजारातही सहज मिळतं.

बटाट्याची गंमत वेगळीच. आंबेगावचं सातगाव पठार खरिपातल्या बटाट्यासाठी नावाजलेलं आहे. जूनमध्ये लागवड, ऑगस्टअखेरपासून काढणी. या दिवसांत शीतगृहातून सहा महिन्यांनी बाहेर आलेल्या बटाट्यापेक्षा हा कधीही चांगला. मात्र साल पातळ, पाणी जास्त. भाजी, रस्सा, वड्याच्या सारणाला उत्तम, फ्राइजला नाही. नव्या बटाट्याच्या फ्राइज मऊ पडतात आणि तेल पितात. उलट शीतगृहातला बटाटा थंडीने गोडसर होतो, तो तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून तपकिरी होतो. आणि एक गोष्ट ‘शंभर टक्के स्थानिक’ म्हणणाऱ्यांसाठी: या पठारावरचं बटाट्याचं बेणं पंजाबातून येतं. आठ-दहा किलो बटाट्यामागे एक किलो बेणं देशाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेलं असतं.

कांद्यात ही सेवा बाजी मारते, आणि तिचं श्रेय टेम्पोपेक्षा कांदाचाळीला जातं. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. तळातून हवा, बाजूने हवा, वर कौलं किंवा पत्रा, वीज शून्य. बटाट्याला जे काम कॉम्प्रेसर करतो, ते इथे वारा करतो. किंमत मोजावी लागते ती घटीत: पाच-सहा महिन्यांत वजनातली घट आणि सड मिळून चौथा हिस्सा सहज जातो, पावसाळा लांबला तर त्याहून जास्त. म्हणून सप्टेंबरनंतर चाळीतला माल निवडून, भरून आल्यावरच वजन करून घ्यावा. ५० किलोच्या गोणीत चार-पाच किलो कोंब आलेला माल निघाला तर परत पाठवा, उगाच संकोच नको. ऑक्टोबरपासून येणारा हळवी कांदा दिसायला टवटवीत, पण पाणीदार. तो चार-पाच दिवसांच्या वर साठवला की गोणीच्या मध्यातून वास सुरू होतो.

टोमॅटो नारायणगावचा, २० किलोच्या क्रेटमध्ये. ऑर्डर देताना फक्त ‘टोमॅटो दोन क्रेट’ असं लिहू नका. ग्रेव्हीसाठी पूर्ण लाल, कोशिंबिरीसाठी कडक, अर्धा लाल असं वेगळं लिहा, नाहीतर सगळा एकाच दिवशी पिकतो. आणि तो फ्रिजमध्ये कोंबू नका. दहा अंशांच्या खाली त्याची चवही जाते आणि वीजही. कांदा, बटाटा, टोमॅटो, वांगी, कच्ची केळी एवढा माल वॉक-इन कूलरच्या बाहेर ठेवता आला, तर कूलरचा आकारच लहान करता येतो. रोज ताजा माल दारात येण्याचा सर्वात मोठा फायदा आम्हाला इथे दिसतो, टेम्पोच्या डिझेलमध्ये नव्हे.

फ्लॉवर शेतावरच पाला काढून मागवावा. पानं आणि दांड्यासकट घेतलात तर जवळपास निम्मं वजन तुम्ही शहरात आणता, मग तेच पैसे देऊन कचऱ्यात घालता. शेतावर तो पाला जनावरं खातात. पण सगळा पाला काढला तर गड्डा प्रवासात घासतो आणि दुसऱ्या दिवशी काळे डाग पडतात. गड्ड्याभोवती एक फेर पानं ठेवायला सांगा, दांडा बोटभर. हे नीट समजावलं नाही तर पहिल्या आठवड्यात माल हमखास खराब येतो आणि दोष सेवेच्या माथी जातो.

मटारचा प्रकार याच्या उलट. दहा किलो शेंगांतून साडेचार-पाच किलो दाणे निघतात, म्हणून सोललेला मागवावा असं वाटतं. तसं करू नका. सोललेला दाणा पिशवीत काही तासांतच तापतो आणि आंबूस वास येतो. शेंगाच घ्या, टरफलं परतीच्या गाडीने पाठवा. पुरंदरचा मटार पावसाळ्यात असतो. हिवाळ्यात बाजारात मध्य प्रदेशचा येतो आणि उन्हाळ्यात मेन्यूत मटार हवाच असेल तर उणे अठरा अंशांत ठेवलेला फ्रोझन. उन्हाळ्यापुरती मटार पनीरची ओळ मेन्यूतून काढणं सर्वात स्वस्त.

भाजीच्या पलीकडे

आता थोडं कडू. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात जगभरातल्या अन्नाच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला. २०२२ साली ‘नेचर फूड’मधल्या अभ्यासाने खतं, यंत्रं, इंधन यांची वाहतूकही धरून तो १९ टक्क्यांच्या घरात नेला. दोन्हीतला कुठलाही आकडा घ्या, मोठा हिस्सा शेतात, गोठ्यात आणि चुलीवर आहे.

चुलीचंच बघा. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर म्हणजे सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड. दिवसाला २०० किलो भाजी आग्र्याच्या हिशोबाने ५० ग्रॅमने आणली तरी १० किलो होतात. ज्या मेसमध्ये रोज दोन सिलिंडर संपतात, भगुण्यावर झाकण नसतं आणि बर्नर पिवळा जळतो, तिने आधी बर्नर साफ करावा.

दूध आणि पनीर गावातलं असो की परजिल्ह्यातलं, जनावराच्या पोटातला मिथेन तोच. शेतकरी कंपनीकडून पनीर घेण्याचं कारण भेसळीची भीती कमी, हे असू शकतं. कार्बन हे कारण नाही.

तांदळात मात्र जवळच्या शेतकऱ्याचा खरा उपयोग होतो, आणि तो अंतराचा नाही. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिलं की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. मावळातला इंद्रायणी चिखलणी करून, पाणी तुंबवून पिकवला असेल तर तो जवळचा म्हणून स्वच्छ होत नाही. पण जवळचा शेतकरी विचारता येतो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत चिखलणी नाही, लावणी नाही. कायम गादीवाफ्यांवर टोकणी होते, नांगरट टळते आणि मुळं जमिनीतच राहतात. असा भात पिकवणारे शेतकरी रायगड आणि मावळ पट्ट्यात शोधून मिळतात. कंपनीला लेखी विचारा: हा लॉट एसआरटीचा की चिखलणीचा? मिसळून दिला तर विचारण्याला अर्थ नाही, म्हणून गोणीवर गावाचं नाव हवं.

इंद्रायणी बिर्याणीला, जिरा राइसला चालत नाही, मोकळा होत नाही. वरण-भाताच्या थाळीला आणि मसालेभाताला तो झकास. नवा तांदूळ नेहमीच्या पाण्यात लगदा होतो. सहा महिने जुना मागवा किंवा पाणी कमी करा, आणि पहिला लॉट गर्दीच्या रविवारी लावू नका.

घाण्याचं शेंगदाणा किंवा करडई तेल ही या कंपन्यांची दुसरी आवडती विक्री. आयात पामतेलाच्या मागे तोडलेल्या जंगलाचा हिशोब असतो, म्हणून बदल विचारात घ्यावा. पण कढईत सरळ अदलाबदल जमत नाही. न गाळलेल्या तेलात गाळ असतो, तो तळताना जळतो, फेस येतो आणि तेल लवकर काळं पडतं. दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचंच तेल घ्यावं आणि ते फोडणी, चटणी, भाजीला वापरावं. तळणीच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं, हा नियम २०१८ पासून सगळ्या तेलांना लागू आहे, घाण्याच्या तेलाला सवलत नाही. आणि सुटं तेल विकायला बंदी आहे. सीलबंद डबा, त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, क्रमांक. ‘घरचंच आहे’ म्हणून कॅनमधून ओतून दिलं तर घेऊ नका.

गुळाबद्दल एकच. चुलवाणात चिपाडं जळत असतील तर गुऱ्हाळासारखं इंधनस्वावलंबी काम दुसरं नाही. काही ठिकाणी मात्र प्लास्टिक आणि टायर जाळले जातात. एकदा न सांगता जाऊन धुरांड्याकडे बघा. काळा, जाड धूर आणि जळक्या रबराचा वास असेल तर तो गूळ वीस किलोमीटरवरचा असला तरी नको.

दर, आणि माल न येण्याचे दिवस

नियमितपणाला आम्ही तीनच गुण दिले, त्याचं कारण इथे आहे. टोमॅटो दहा रुपयांवर असतो तेव्हा सगळे वेळेवर येतात. तो साठ-सत्तरवर गेला की ठरलेल्या पंचवीस रुपयांना माल देण्यापेक्षा शेतकरी लिलावात क्रेट ओततो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट भाव पडला की हॉटेलवाले ठरलेला दर विसरून बाजारातून उचलतात, हेही तितकंच सर्रास चालतं. वर्षभराचा एकच ठोक दर ठेवणारे करार म्हणूनच टिकत नाहीत.

टिकणारी पद्धत अशी. मार्केट यार्डाच्या मागच्या सात दिवसांच्या सरासरी दरात ठरलेला वाहतूक खर्च मिळवायचा आणि दर सोमवारी नवा भाव लावायचा. त्याला खालून एक मर्यादा, जिच्या खाली शेतकऱ्याचा तोडणी-भराईचा खर्च निघत नाही, आणि वरून एक मर्यादा. मर्यादा ओलांडली तर त्या आठवड्यात दोघांनाही मोकळीक, पण दोन दिवस आधी कळवून. आडत, हमाली, तोलाई वाचते त्यातला हिस्सा प्रतवारीच्या मजुरीत जातो, म्हणून बाजारापेक्षा फार स्वस्त मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. मोजमापात काटकसर करणाऱ्या मालकाला ही सेवा महिनाअखेरीला किंचित महागच दिसते. वाया गेलेल्या मालाचं वजन त्याने मोजलं, तर चित्र बदलतं.

वजनाची कुरकूर जवळपास नेहमी पालेभाजीवरून होते. बाजारात जुडीवर व्यवहार, इथे किलोवर. पावसाळ्यात कोथिंबीर पाण्यासकट तोलली जाते. उपाय साधा: दोन जुड्या वजन करा, झटका, सुती कापडावर अर्धा तास पसरा, परत वजन करा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट आली तर बिलातून वजा. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, भांडण झाल्यावर नाही. ओली कोथिंबीर क्रेटच्या मध्यातून तापते आणि दुपारपर्यंत काळी पडते, त्यामुळे क्रेट अर्धाच भरून आला तरी चालेल असं सांगावं. पुन्हा गाडी रिकामी येते, हे खरं आहे. पण दहातला एक किलो फेकला गेला, तर उरलेल्या प्रत्येक किलोवर शेत, पाणी, खत आणि डिझेल या सगळ्यांचा भार ११ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्यासाठी क्रेटमधली मोकळी जागा परवडते.

क्रेटच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी गोंधळ असतो. क्रेट परत गेले नाहीत तर पुरवठादार आठवड्याभरात पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर येतो. नगाला अनामत ठेवा, क्रेटवर रंगाने खूण करा आणि आजचे भरलेले उतरले की कालचे रिकामे, धुतलेले चढवा. न धुतलेला क्रेट कुजलेल्या टोमॅटोची बुरशी नव्या मालाला लावतो.

कॅन्टीनवाल्यांसाठी

हिंजवडी, खराडीतल्या मोठ्या कंपन्यांची कॅन्टीनं चालवणाऱ्यांना हल्ली एक प्रश्नावली येते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणं शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बंधनकारक केलं आहे आणि त्या कंपन्या तो भार खाली पुरवठादारांकडे ढकलतात. सेबीने २०२१ साली दिलेल्या नमुन्यात ‘स्थानिक’साठी एक चांगली व्याख्या होती: तो जिल्हा आणि शेजारचे जिल्हे. पुण्यापुरतं ती वापरायला सोपी आहे. पुणे, ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर. कुठल्याही कंपनीच्या ‘शंभर किलोमीटरच्या आत’पेक्षा ही रेघ बरी, कारण बिलावरच्या गावावरून ती लगेच तपासता येते.

मेन्यूकार्डावर ‘कार्बनमुक्त थाळी’ छापायचा मोह मात्र आवरा. ऑक्टोबर २०२४ पासून पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना लागू आहेत आणि दाव्याला पुरावा मागितला जाऊ शकतो. ‘या आठवड्यातला कांदा जुन्नरचा, बटाटा सातगाव पठाराचा’ एवढं लिहिलं तर ते खरंही असतं आणि गिऱ्हाइकाला रुचतंही.

पुरावा म्हणजे दोनशे पानी एक वही पुरते. तारीख, माल, किलो, गाव, तोडीची तारीख, गाडीचं इंधन आणि लाइनची एकूण किलोमीटर, गाडीतला एकूण माल, परत भरून गेली की रिकामी, नापास माल किती किलो, क्रेट आले किती गेले किती. गाडीतल्या एकूण मालाचा रकाना पुरवठादार सहसा कोरा ठेवतो. तो चालकाकडून दारातच भरून घ्या, टेम्पो सुरू व्हायच्या आधी.